चुकून पडलेली मतं

मी, शैलजा गुरुनाथ गजभिये, वय एकाहत्तर, जन्म नागपूरचा, औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, राहणार मेपल लेन, हार्लन टाउनशिप, न्यू जर्सी, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदय तेवढं नाही, गुरुवारी त्याची एक झडप बदलायची आहे. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट सगळे “आत्ता कशाला?” म्हणतात, म्हणून आत्ताच लिहिते आहे. गुरुनाथ असताना आम्ही दोघांनी केलेलं मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं.

वकीलबाई याची इंग्रजी प्रत करणार आहेत आणि कोर्टात तीच चालेल. त्या म्हणाल्या, घर, पैसे, दागिने एवढंच सांगा, बाकीचं कायद्याला लागत नाही. बाकीचं मला लागतं, म्हणून ही मराठी प्रत.

कलम एक. माझा मुलगा सिद्धेश, सून हर्षिता आणि नात अनिका हे माझे वारस. तिघं टेक्सासात ऑस्टिनला असतात. या मृत्युपत्राची अंमलबजावणी हर्षिताने करावी. सिद्धेशने करू नये. तो माझ्यावर जीव टाकतो, पण माझं ऐकत नाही.

कलम दोन. राहतं घर. माझ्यामागे ते सिद्धेशचं. मी जिवंत असेपर्यंत मात्र ते विकू नये, भाड्याने देऊ नये आणि मला इथून हलवू नये. मी हॉस्पिटलात कितीही दिवस पडून राहिले तरी माझा पत्ता हाच राहील. पुढच्या जूनमध्ये राज्य सिनेटच्या आमच्या जागेसाठी पक्षाची प्राथमिक निवडणूक आहे, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारच ठरवतात. सध्याचे सिनेटर पुन्हा उभे राहणार नाहीत. मी उभी राहणार आहे. नोव्हेंबरच्या मतदानाआधी उमेदवार वर्षभर मतदारसंघात राहिलेला असावा लागतो, म्हणजे या हिवाळ्यात मी ऑस्टिनला गेले की संपलं.

सिद्धेशला हे नीट माहीत आहे. काल त्याचा फोन आला.

“आई, घर सेल कर, मार्केट बेस्ट आहे. हर्षिताने खालची बेडरूम रेडी केलीय.”

“जूनपर्यंत नाही.”

“सर्जरीनंतर तू डोअर टू डोअर फिरणारेस? आणि लास्ट टाइम काय झालं? ती मतंसुद्धा लोकांनी चुकून दिली होती.”

मी फोन ठेवला. तेव्हापासून माझं बूड एका जागी टिकत नाही. कलम एक ते दोन एवढ्यात मी तीनदा उठले. कपाट आवरलं, परत विस्कटलं.

कलम तीन. बँकेतली शिल्लक अनिकाच्या शिक्षणाला. ती कुठलाही विषय घेवो. फक्त अठराव्या वाढदिवशी आधी मतदार म्हणून नाव नोंदवावं आणि मग केक कापावा. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आजी, दॅट्स सो यू.” यात होकार आहे असं मी धरते.

कलम चार. गॅरेजमधली हत्यारं. घडीचं टेबल, दोन घडीच्या खुर्च्या, पाट्या रोवायच्या लोखंडी सळया, रबरी हातोडा, आणि उतरत्या पायऱ्यांवर घसरत नाहीत असे माझे बूट. हे सगळं इथल्या शाळेतल्या मुलांच्या मतदार नोंदणी गटाला द्यावं. या टेबलाने पुष्कळ ऊन खाल्लं आहे. दर सप्टेंबरात गुरुनाथ ते गाडीत टाकून मला आयसेलिनला साड्यांच्या दुकानासमोर सोडायचे. बायका साडीला फॉल लावायला देऊन बाहेर आल्या की मी त्यांना गाठायची. “काकू, सिटिझन झालात ना? मग नाव कधी घालणार?” पुष्कळजणी म्हणायच्या, मिस्टरांना विचारते. मी म्हणायची, मिस्टरांनाही घेऊन या.

कलम पाच. हे कलम कोणाला काही देत नाही. पण हे घर ज्याला मिळेल त्याला ते कुठल्या मतदारसंघात आहे हे कळलं पाहिजे. मतदारसंघाचा क्रमांक मी लिहीत नाही, कारण घर इथेच राहतं आणि रेघा हलतात.

आम्ही घर घेतलं तेव्हाचे सिनेटर फर्निचरच्या दुकानाचे मालक होते. ते वीस वर्षांहून अधिक त्या जागेवर बसले. दर नाताळात त्यांचा फोटो असलेलं कॅलेंडर यायचं आणि गुरुनाथ ते उलटं करून मागे दुधाचा हिशेब लिहायचे. आमची घरं वाढली तेव्हा सिनेटर कपाळापर्यंत हात नेऊन नमस्ते करायला शिकले, त्यापलीकडे काही शिकले नाहीत. त्यांच्यानंतर त्यांच्याच कचेरीतली एक बाई निवडून आली. चांगली होती. शाळेपुढचा सिग्नल तिने आणला, आणि माझं नाव ती न अडखळता घ्यायची. मग जनगणना झाली, नकाशा बदलला आणि रेघ रेल्वेच्या रुळांवरून गेली. रुळापलीकडच्या अपार्टमेंटांमधली आपली सगळी नवी कुटुंबं दुसऱ्या मतदारसंघात गेली. अर्धी भाकरी इकडे, अर्धी तिकडे, पोट कोणाचंच भरेना. बाई पडली आणि सध्याचे गृहस्थ आले. गेल्या जनगणनेनंतरच्या नकाशात ती अपार्टमेंटं पुन्हा आमच्यात आली आहेत, आणि आता जागाही रिकामी होते आहे. माझ्या हयातीत असा योग परत यायचा नाही. सिद्धेशला यात मार्केट दिसत नाही, त्याला मी काय करू?

कलम सहा. हे कलम साक्षीदाराने सही करण्याआधी वाचावं अशी माझी अट आहे. साक्षीदार शंकरराव देवस्थळी, समोरच्या घरातले, आमच्या मराठी मंडळाचे सर्वांत जुने पदाधिकारी. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये असं वकीलबाई म्हणतात, ते फार बरं झालं.

दोन हजार एकवीसच्या प्राथमिक निवडणुकीत मी उभी होते. अर्जाला लागणाऱ्या मतदारांच्या सह्या दारोदार फिरून मी स्वतः गोळा केल्या होत्या. त्याच जागेसाठी मंडळाचे डॉक्टर विक्रम सबनीसही उभे होते. समोर पक्षाच्या पुढाऱ्यांनी आधीच पाठिंबा दिलेला अधिकृत उमेदवार. मे महिन्यात शंकररावांनी आपल्या तळघरात बैठक बोलावली. कॉफी होती, चिवडा होता, आठ-दहा माणसं होती. माझ्यासाठी मधली खुर्ची ठेवली होती, तेव्हाच मी ओळखलं.

“शैलजाताई, तुमचं काम मोठं आहे, कोण नाही म्हणतंय,” शंकरराव म्हणाले. “पण आपलं मत फुटायला नको. मंडळात आपण कधी निवडणूक होऊ दिलीय का? एकाने मागे घ्यायचं, दुसरा बिनविरोध. गोडीगुलाबीने.”

“मग डॉक्टरांनी घ्यावं मागे,” मी म्हटलं.

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

“ताई, डॉक्टरांकडे फंडिंग आहे, प्रोफाइल आहे,” एकजण म्हणाला. “आणि गजभिये हे सरनेम लोकांना जरा...”

“सबनीस काय सोपं आहे?”

गजभिये म्हणजे कोण हे इथल्या आयरिश आणि इटालियन मतदाराला कळत नाही. ज्यांना कळतं ते त्या तळघरातच बसले होते. मला राग आला होता आणि रडूही येत होतं. त्या लोकांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी “बरं” म्हणून उठले. माझ्या माघारीचा मेसेज मी घरी पोचायच्या आत सगळ्या ग्रुपांवर गेला होता.

आता गंमत ऐका. आपल्याकडे भारतात अर्ज मागे घ्यायची तारीख उलटते आणि मग मतपत्रिका छापतात. इथे टपाली मतपत्रिका केव्हाच लोकांच्या घरी पोचल्या होत्या, माझ्या नावासकट. कित्येकांनी भरून पाठवल्याही होत्या. तळघरात इंजिनिअर होते, एक बँकेतले व्हाइस प्रेसिडेंट होते, पण हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण डोकी अजून मंडळाच्या निवडणुकीत होती. जूनमध्ये निकाल लागला. डॉक्टर जेवढ्या मतांनी पडले, त्याच्या दुपटीहून जास्त मतं माझ्या नावावर होती. मी प्रचार बंद केलेला, घरात बसलेली, आणि तरी.

आभाराच्या जेवणात डॉक्टर माइकवर म्हणाले, काही मतं चुकून इकडेतिकडे पडली, नाहीतर इतिहास घडला असता. टाळ्या वाजल्या. तेव्हापासून ती ‘चुकून पडलेली मतं’ झाली. पिकनिकला, हळदीकुंकवाला, वाढदिवसाला तेच ऐकते. काहींनी तर मीच समाजाला पाडलं असं म्हणून बोलणं टाकलं. आता माझा मुलगाही म्हणतो.

मत गुप्त असतं आणि ते गुप्तच राहावं असं मी जन्मभर लोकांना सांगत आले. म्हणून मी आजवर एकाही माणसाला विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. पण पाच वर्षं मला हेच खातं आहे. त्या मतांतलं एक तरी मत आपल्या माणसाने, माझं नाव वाचून, हीच हवी म्हणून दिलेलं होतं का? ते कळलं असतं तर गुरुवारी मी ऑपरेशनच्या टेबलावर शांत पडले असते.

कलम सात. माझं मोठं पितळी पातेलं, ज्यात तीन-चारशे माणसांचा रस्सा होतो, ते मराठी मंडळाला. ज्या वर्षी अध्यक्षपदासाठी दोन उमेदवार उभे राहतील आणि खरोखर मतदान होईल त्या वर्षी द्यावं. तोवर हर्षिताने सांभाळावं. ती म्हणेल, आई, मला हे जन्मभर सांभाळावं लागेल. लागेल.

कलम आठ. डॉक्टर विक्रम सबनीस यांना माझ्याकडून काही नाही. त्यांनी मला तपासून झडपेचं निदान वेळेत केलं, त्याबद्दल आभार मानते. बाकीचा राग तसाच आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या असू शकतात.

कलम नऊ. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करावा. त्रिशरण, पंचशील, पांढरे कपडे, बस्स. मोठी भाषणं नकोत, विशेषतः मंडळाकडून. विधी मतदानाच्या दिवशी आला तर आधी सगळ्यांनी मत देऊन यावं. मी थांबेन.

कलम दहा. (मध्ये फोन आला. सिद्धेश. मी उचलला नाही. मग वाईट वाटून उचलला. तो म्हणाला, “आई, सॉरी. मला फक्त भीती वाटते गं.” मी म्हटलं, “मलाही वाटते.” घराबद्दलचं माझं म्हणणं बदललेलं नाही.)

माझा उमेदवारी अर्ज एकदा दाखल झाला की तो कोणी मागे घेऊ नये. मुलाने नाही, मंडळाने नाही, डॉक्टरने नाही. समाजाची एकजूट, माझी तब्येत, माझं वय, यातलं कुठलंही कारण चालणार नाही. मी अंथरुणावर असले तरी माझं नाव मतपत्रिकेवर राहू द्यावं. ज्यांना द्यायचं नसेल त्यांनी मला मत देऊ नये, तो त्यांचा अधिकार आहे. उभं राहायचा माझा. एकदा मी तो “बरं” म्हणून सोडला. आता सोडणार नाही, आणि मी बोलू शकत नसेन तेव्हा माझ्या वतीने कोणी “बरं” म्हणू नये.

एवढं लिहून मी खाली सही करते. जय भीम.

शैलजा गुरुनाथ गजभिये
हार्लन टाउनशिप, न्यू जर्सी
१६ ऑगस्ट २०२६

साक्षीदार पहिली
प्रीता कामत, शेजारीण. सही माझ्यासमोर झाली. शैलजा मावशी पूर्ण भानावर आहेत.

साक्षीदार दुसरा
मी, शंकरराव विष्णू देवस्थळी, समोरच्या घरात राहणारा. शैलजाताईंनी माझ्यादेखत सही केली. त्या शुद्धीत होत्या आणि त्यांच्यावर कोणाचंही दडपण नव्हतं. कलम सहा त्यांच्या सांगण्यावरून मी दोनदा वाचलं. त्यात लिहिलं आहे तसंच घडलं. मला कोणी काही विचारलेलं नाही, तरी साक्षीदार म्हणून जे माहीत आहे ते लिहून देतो. तळघरातल्या त्या बैठकीच्या आठवडाभर आधीच मी आणि माझी पत्नी कमला यांनी आमच्या मतपत्रिका टपालात टाकल्या होत्या. दोन्ही मतं शैलजाताईंना होती. नाव नीट वाचून दिली होती.

शं. वि. देवस्थळी