अर्ध्या बाहीचं पोलकं

कसाल,
१२ एप्रिल १९६४

प्रिय शेवंती,

अनेक आशीर्वाद. परवा शुक्रवारी सकाळी देवपूजा आटोपून मी दुकानाची फळी काढली, गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारलं आणि तुझं जुनं निळं पोलकं उसवायला घेतलं. मापासाठी. अकरावीची परीक्षा संपली तरी माझ्या अक्काच्या दुखऱ्या पायापायी तू अजून मालवणलाच. तुला समोर उभी करून माप घेणार कसं?

त्याचं असं झालं, बाजाराच्या दिवशी काशीबाई आली होती, ती भांड्यांवर जुने कपडे घेणारी. तिच्या बोचक्यात वायलच्या पातळाचा तुकडा होता, कुणा डॉक्टरीणबाईंचं पातळ, अर्धं फाटून गेलेलं. उरलेल्यातलं सव्वा वार तेवढं धड. फिकट पोपटी रंग, वर मोगऱ्याच्या बारीक कळ्या. मी तो उजेडाला धरून विरलेल्या जागा बघत होतो, तर म्हणते, “काय वो, चाय गाळूक व्हया काय?” मला मात्र तुझं गेल्या वैशाखातलं बोलणं आठवत होतं. “बाबा, वारो आत शिरात असा कायतरी शिवा माका.” मी हो म्हटलं होतं आणि शेवटी शिवलं होतं ते हेच निळं, मनगटापर्यंत बाह्यांचं.

वायल भिजवून सावलीत वाळवलं आणि कापायला बसलो. खांद्याखाली चुण्या घालून भरपूर घेर सोडला, तर पुरी बाही निघेना. बाही पुरी काढली, तर घेर जाऊन पोलकं अंगाला चिकटणार. तीन वेळा खडू पुसला. शेवटी ठरवलं, निळ्या पोलक्याच्या बाह्यांचा खालचा भाग जोड म्हणून लावायचा. लांबून कळलं नसतं, एवढं काम मला येतं. म्हणून डावी बाही उलटी केली. टोकाला आतून दोऱ्याचा एक फास होता, काजासारखा नीट विणलेला, अंगठा जाईल एवढा. टाके माझे नव्हते. हात वर केला तरी बाही सरकू नये म्हणून तू तो लावला होतास.

मी कितीतरी वेळ तो फास बोटात धरून बसलो होतो गो.

तुझ्या अकराव्या वर्षी तापानंतर डाव्या कोपराजवळ पहिला डाग उठला. वैद्य झाले, लेप झाले. रवळनाथाला मी पाच वेळा कौल लावला. देवाच्या अंगावरची पाकळी उजवीकडे पडली की घरी नाचत यायचो, डावीकडे पडली की तुझ्या आईला सांगायचोच नाही. डाग मनगटाकडे उतरत गेला तशी मी बाही वाढवत गेलो. कोड हा शब्द आपल्या घरात कुणी उच्चारला नाही, आज पहिल्यांदा लिहितो आहे. तुझ्या पाठीवर घामोळ्यांची सालं निघायची, आई चंदन उगाळायची आणि सकाळी मीच म्हणायचो, बटण लाव हो नीट. मला वाटे, मी तुला जपतो. मी तुला लपायला शिकवत होतो. तू शहाणी, माझ्यापेक्षा दोन टाके पुढे गेलीस.

मग मी जोड लावला नाही. बाही कोपराच्या वर संपवली, सैल, वाऱ्याने हलेल अशी. गळ्याला हाताने तुरपाई केली, मशीनची टीप टोचली असती. संध्याकाळी तुझ्या आईने पोलकं उचलून पाहिलं. “कपडो कमी पडलो काय?” मी म्हटलं, “नाय, पुरलो.” ती समजली. “आणि बांद्याची माणसां वैशाखात नक्की करूक येतली, तेंका काय सांगतलात?” बोलता बोलता रडायला लागली. तिला दोष देऊ नकोस. मार्गशीर्षात ते तुला बघायला आले तेव्हा तुझ्या दोन्ही बाह्यांची बटणं तिने लावली होती, पण ती घट्ट आहेत ना हे मी पाहिलं होतं.

पोलकं गणपतकडे दिलं आहे, तो आंब्याच्या पेट्या घेऊन मालवणला येतो आहे. शिवणीत दोन बोटं कपडा आत ठेवलाय, कमी-जास्त करता येईल. घालायचं की नाही ते तू ठरव. घरातच घाल, अंगणात घाल, नाहीतर पेटीत ठेव. मला वाईट वाटणार नाही. पुरी बाहीच हवी असली तर तीही शिवीन, पण ती तू मागितलीस म्हणून, मी ठरवली म्हणून नव्हे.

हे सगळं तू आल्यावरही बोललो असतो, पण एक गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानी जाऊ नये, म्हणून घाईने लिहितो. काल पहिल्या एस.टी.ने मी बांद्याला गेलो. जाताना देवळात थांबलो, कौल मात्र लावला नाही. कुठे जातो आहे ते देवाला सांगितलं आणि नारळ ठेवून निघालो. हरिश्चंद्रराव आणि त्यांची बायको ओटीवरच होती. पाणी घ्यायच्या आधी मी म्हटलं, मुलीच्या डाव्या हाताला कोड आहे, कोपरापासून मनगटापर्यंत, सहा वर्षं झाली आणि ते तुमच्यापासून मी लपवलं, मुलीने नव्हे. बाई म्हणाल्या, “आधी कित्याक सांगलात नाय?” मी म्हटलं, चुकलं. “मुलाक विचारून आमी कळवतो,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांनीच पाण्याचा तांब्या पुढे केला. काय कळवतील ते कळवोत. येणार असतील तर आमची शेवंती तिला हवे तसे कपडे घालून समोर बसेल, हेही त्यांना सांगून आलो.

तुझाच,
बाबा