बाळ निजल्यानंतरची ओळ

१ डिसेंबर
आले एकदाची. चर्चमागची खोली छोटी आहे, पण खिडकीत ऊन येतं आणि टेबल डगमगत नाही. मला आणखी काय हवं? इथल्या गायकवृंदासाठी नाताळचं नवं गीत रचायचंय, तेही वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांवर. फादरांनी चहा पाजून पाजून जीव नकोसा केला. बेकरीवाल्या काकू वरच्या पट्टीत गातात, सुतारआजोबा खर्जात. दोघांचं एकमेकांशी मुळीच पटत नाही, सूर मात्र झकास जुळतात. माझी लेक जाऊन वर्ष होईल. आज पहिल्यांदा मोकळेपणी हसले.

४ डिसेंबर
इथली एक रीत कळली. गीतात बाळ येशू गोठ्यात निजला की पुढे एका ओळीइतकं सगळ्यांनी गप्प राहायचं. निजलेल्याला उठवू नये, म्हणे. रीत गोड आहे, पण साथीला वाद्य नसताना एवढं थांबलं की सूर हमखास उतरतो. तालमीत तेच झालं. शेवटी मूळ सूर दाखवणारा ट्यूनिंग फोर्क वाजवून पाहिला, तर आम्ही चांगलेच खाली घसरलेलो. ती जागा भरायलाच हवी.

८ डिसेंबर
भरली. लेकीला निजवताना गुणगुणायचे ती चाल तिथे घातली, शब्दांशिवाय. त्या चालीला शेवट असा नव्हताच. तिच्या शेजारी पडून गाताना मलाच आधी डोळा लागायचा, आणि मी झोपले हे पाहूनच ती निजायची. लिहिताना खूप रडले, बरंही वाटलं.
काकूंनी नाक मुरडलं. आजोबा म्हणाले, बाई, तिथे आमच्या बापजाद्यांनीही कधी तोंड उघडलं नाही. मी त्यांना ट्यूनिंग फोर्क ऐकवला. सूर तसूभरही उतरला नव्हता.

१२ डिसेंबर
सूर उतरत नाही, कारण कुणीतरी तो धरून ठेवतंय. एक बारीक आवाज, काकूंच्याही वर, जरा उशिरा येणारा. कुणाचा ते कळावं म्हणून एकेकाला गप्प बसवत गेले. शेवटी सगळेच गप्प होते. आवाज होताच.
ऐन वळणावर श्वास घेतो तो. माझ्यासोबत गुणगुणताना तिथे श्वास घेऊ नकोस म्हणून मी लेकीला किती ओरडायचे.

१५ डिसेंबर
आता ती खोलीतही गाते. भर दुपारी, टेबलाखालून. अर्ध्यावर येते, अडते, पुन्हा पहिल्यापासून. आजोबा म्हणाले, उठवलेलं लेकरू आपणहून निजत नाही, ज्यानं उठवलं त्यानंच निजवायचं. रागावले नाहीत. त्याचंच वाईट वाटलं.

१९ डिसेंबर
चाल खोडली. ओळ पुन्हा रिकामी केली. तालमीत सगळे थांबले — आणि त्या शांततेत ती रडली. सगळ्यांनी ऐकलं. काकूंनी कान झाकून घेतले. अंधार आहे म्हणते. गार आहे म्हणते —

२२ डिसेंबर
दिवसभर मी गातेय. घसा बसला. ती निजत नाही. खुर्चीत बसून गायले, उभ्यानं गायले — मी जागी आहे तोवर ती —

२४ डिसेंबर, सकाळ
गीत फादरांच्या दारात ठेवून आले. ती ओळ रिकामीच आहे. आजोबांना बजावलंय, संध्याकाळी तिथे चिडीचूप राहा, काहीही ऐकू आलं तरी.
टेबलाखाली पांघरूण अंथरलंय. फरशी गार — हाताला हात लागला. इवलासा. तिचाच.
सरक जराशी, राणी. आईला जागा दे. आधी मी झोपते, मग तू —