टीव्हीकडे पाठ

रविवार, संध्याकाळ

फुटबॉलच्या राष्ट्रीय कपाची ती जुनी फायनल आज मोबाइलवर सापडली. त्या सीझनला प्रत्येक मॅचला मी बायकोला टीव्हीकडे पाठ करून बसवलं होतं, तोंड फ्रीगंज बाजारातून आणलेल्या काचेच्या कपाटाकडे. तिनं पाहिलं की आपली टीम हरते, आणि एकदा हरलं की कपातून बाहेर! पनौती म्हणायचो तिला. काय माणूस होतो मी!

आज शेवटच्या पेनल्टीला ती म्हणाली, “बघा, गोलकीपर डावीकडे झेपावणार.” तो उजवीकडे झेपावला.

“असं कसं? मी पाहिलंय ना!”

“पाठ करून?”

ती हसली. “अहो, कपाटाच्या काचेत सब दिखता था. उलटं दिसलं असेल.”

म्हणजे सगळ्या मॅच पाहिल्या तिनं. आणि कप आपणच जिंकलो.

पुढच्या मॅचला कपाटासमोर मी बसतो.