दोन नावांची एकच बाई

आये, तू जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझं तुझ्याशी भांडण अजून मिटलेलं नाही. माहीमला माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहीत होते. मी तुझ्या कानाशी वाकून म्हटलं, मला माझंच नाव हवंय. तू हसरा चेहरा न मोडता दटावलंस, "गप बस. बाईला नाव नसतं, घर असतं. आमी सगल्या अशाच नांदलो." मी गप्प बसले. नाव, आडनाव, दोन्ही गेलं.

त्याआधीच्या वर्षी खाडीतल्या चिंबोऱ्यांवरचे माझे दोन शोधनिबंध छापून आले होते. ओटीवर बोंबील निवडत होतीस, हात पुसलेस आणि विचारलंस, "यात तू खंय हाय?" मी नाव दाखवलं. वाचता येत नव्हतं तुला, तरी त्यावर बोट ठेवून बसलीस. मग मांडवात तू असं कसं बोललीस?

गेल्या महिन्यात बोईसरच्या कॉलेजात माझ्या बढतीची मुलाखत होती. समितीचे अध्यक्ष कागद चाळता चाळता थांबले. "हे दोन निबंध धरता येणार नाहीत. लेखिका वेगळी आहे."

"नावं दोन आहेत सर, बाई एकच आहे."

"प्रतिज्ञापत्र आणा. आणि यापुढे सासरच्याच नावाने लिहा, म्हणजे घोळ नको."

आये, अंगठीच्या वेळी आला होता तोच राग आला. पण या वेळी तयारीने गेले होते. आता संशोधकाला एक क्रमांक मिळतो, जन्मभराचा. नाव बदलो, गाव बदलो, नोकरी सुटो, तो तोच राहतो. निबंधालाही तसाच कायमचा क्रमांक असतो. मासिकाने पत्ता बदलला तरी निबंध त्यावरून सापडतो. मी त्यांच्याच संगणकावर माझं पान उघडलं. दोन्ही नावं, खाली सगळं काम.

"हे तर तुम्हीच भरलंय," ते म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. म्हणून मी निबंधाचा क्रमांक टाकून मासिकाचं पान उघडलं. तिथे माझ्या माहेरच्या नावाशेजारी माझाच क्रमांक होता. त्यासाठी संपादकांच्या किती मागे लागले होते, जुन्या मार्गदर्शकांनाही साक्षीला उभं केलं होतं.

त्यांनी दोन्ही पानांवरचे क्रमांक ताडून पाहिले. "पण मॅडम, एकच नाव लावायला हरकत काय होती?"

"एकच लावणार आहे," मी म्हटलं. "पहिलं."

निबंध धरले गेले, बढती झाली. कॉलेजातल्या माझ्या खोलीच्या दारावर मी माहेरच्या नावाची पाटी लावून घेतली. शिपाई म्हणाला, "मॅडम, प्राचार्यसाहेब रागावतील." म्हटलं, रागावू देत. तुझं म्हणणं चूक होतं, आये. बाईला नाव असतं. घर असतं म्हणून ते पुसायचं नसतं.

हे तुला कोण वाचून दाखवणार? इथेच राहू दे. फक्त एक सांगते, कुणाला सांगू नकोस. पाटी लावली त्या संध्याकाळी घरी पोचले तर सासूबाईंनी आतून तांदळावरच्याच नावाने हाक मारली, आणि मी चप्पल काढता काढता ओ दिली.