गल्लीभर एकच पासवर्ड

सोमवार, सांज

आक्काचं साड्या विकायचं मोबाईलवरचं खातं दुपारी कुणीतरी पळवलं. पासवर्ड काय, तर देवीचं नाव. वडगावात आमच्या गल्लीची देवी एकच, मग सगळ्या बायकांचा पासवर्डबी तोच. माझाबी! चोराला काय अवघड?

मी लगेच बदलला. तर आक्का विचारती, "नवीन काय ठेवलीस गं?"

"न्हाय सांगणार."

"मला? सख्ख्या बहिणीला?"

"तुलाबी न्हाय."

"लई शाणी झालीस," म्हणाली आणि चहा न पिताच गेली.

चुकलं का माझं? न्हाय. पासवर्डातनं देवीचं नाव काढताना काय वाटलं न्हाय, आक्काला न्हाय म्हणणं मात्र जड गेलं. उद्या तिला पोलिसांत तक्रार द्यायची हाय. मला बोलावणार न्हाय ती. नको बोलावू दे. सकाळी मीच तिच्या दारात जाऊन बसणार.