चौदा तारखेच्या आधी

२८ सप्टेंबर

बाळ पायाळूच आहे. डॉ. मॅडम म्हणाल्या, आता फिरणार नाही, वहिनीचं सिझेरियन करावं लागेल. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कधीही. "मुहूर्त काढून आणा, सगळेच आणतात."

बाबा ताठ झाले. "मुहूर्त-बिहूर्त आमच्यात चालत नाही, मॅडम. माझ्या वडिलांनी छप्पन सालीच सोडलं ते."

वहिनी खाली बघून हसली. घरी आल्याबरोबर बाबांनी दिनविशेषाची कात्रणं काढली.

२९ सप्टें.

बाबांचा दिनविशेषाचा फळा आज उशिरा लिहिला गेला. विहाराच्या फाटकाशी सकाळी फिरणारे दोघं ताटकळत उभे होते. घटना, जन्म, मृत्यू वाचल्याशिवाय त्यांना घरी जाववत नाही. बाबा शाळेत शिकवायचे तेव्हा मुलांना हेच वाचावं लागायचं.

उशीर झाला कारण बाबा ऑक्टोबर चाळत होते. आठ: भूकंप. फुली. नऊ: परदेशात डोंगर धरणात कोसळला, खालची गावं वाहून गेली. फुली. अकरा: एक सिनेमानट जन्मला. "नट नको." बारा: युरोपातलं जहाज अमेरिकेच्या बेटाला लागलं.

वहिनी: "हे तं चांगलं हाय ना, बाबा."

"तिथल्या लोकांले विचार."

मग चौदा. पुढे वाचलंच नाही. छप्पन साल, दीक्षाभूमी, त्या गर्दीत आजोबा, अंगावर शेजाऱ्याचा पांढरा सदरा.

मी म्हटलं, हा मुहूर्तच झाला. बाबा म्हणाले, "मुहूर्त आकाशात पाहून काढतात. हा इतिहास आहे."

तर्क म्हणून टिकत नाही. वाद घातला नाही.

१ ऑक्टो.

मॅडमना चौदा कळवली. चालेल म्हणाल्या, पण डोकं दुखलं, डोळ्यांना कमी दिसलं, सूज आली, तर तारीख विसरून यायचं. रोज बीपी घ्यायचं. यंत्र आणलं. वहिनीची आई कन्हानला ये म्हणत होती, पण दवाखाना इकडे.

दादाची रजा तेरापासून. ओडिशातल्या साइटवरून त्याआधी सुटका नाही. वहिनी त्याला फोनवर म्हणत होती, "तुमच्या लेकराच्या वाढदिवसाले अख्खं नागपूर येईन, जेवण किती लागन पाहा."

मी एकच मुद्दा मांडला: चौदाला दीक्षाभूमीकडचे रस्ते बंद, दवाखाना पलीकडे.

बाबा: "तेराले भरती करू."

ठीक.

५ ऑक्टो.

बीपी ठीक. बाबांनी पांढरं झबलं आणलं. वहिनी त्याची घडी करते, उघडते, पुन्हा घडी करते. मला दिसलं हे तिला कळलं नाही.

७ ऑक्टो.

खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनवरून घरी यायला उशीर. वहिनीच्या पायांवर सूज. चेहराही भरल्यासारखा.

"बीपी घेतलं?"

"घेतलं ना. बरोबर हाय. काहून वं, स्नेहल, मशिनी कमी पडल्या का, मले मोजून राहिली?"

विषय तिथे संपला. मी संपू दिला.

९ ऑक्टो. संध्याकाळ, दवाखाना

क्रमाने लिहिते.

सकाळी वहिनीने चहा कपाच्या बाहेर ओतला. ओतत राहिली. म्हणाली, "डोळ्यापुढं चांदण्या येऊन राहिल्या. कालपासून. जाईन आपोआप." यंत्र लावलं. १७० वर ११०.

पॉवर स्टेशनवर आम्हाला पहिला धडा हा शिकवतात: आकडा अशक्य वाटला की आधी यंत्रावर संशय घ्या, मग बॉयलरवर. मी यंत्र स्वतःला लावलं. नॉर्मल. बाबांना लावलं. नॉर्मल. सेल बदलून पुन्हा वहिनीला. तोच आकडा, किंचित वर. यंत्र चांगलं होतं. माणसावर हा धडा लावू नये, एवढी नोंद.

बाबांना म्हटलं, चौदा गेली, आत्ता निघायचं.

वहिनी: "चार-पाच दिवसाचीच तं गोष्ट हाय. पडून राहीन मी."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग चपला घालायला लागले, डावी उजव्या पायात.

टॅक्सीत ती डोळे मिटून म्हणाली, "बाबा, नऊले तं तुमी फुली मारली होती."

"फुली मीच मारली, मीच पुसतो. तू बोलू नको, बेटा."

मॅडमनी तपासून लगेच आत घेतलं. आणखी थांबलो असतो तर झटके आले असते म्हणाल्या. सही वहिनीने स्वतः केली, ओळीच्या खाली गेली. दादा फोनवर नुसता हो, हो.

दुपारी मुलगी. दोन किलोच्या थोडी वर. रडली, दाराबाहेर ऐकू येईल एवढी. वहिनी शुद्धीत आहे. बीपी उतरतंय.

मी जिन्यात जाऊन बसले.  थोड्या वेळाने वर आले.

१० ऑक्टो.

वहिनी अजून देखरेखीखाली, इंजेक्शन चालू. दिसतंय का पाहायला तिला भिंतीवरचं घड्याळ वाचायला लावलं. बरोबर वाचलं. वर म्हणाली, "आन् तुझी ओढणी उलटी हाय वं."

उलटीच होती. बरं वाटलं. फारच.

दादा पोचला. कॉरिडॉरमध्ये रडला. रुमाल दिला.

१२ ऑक्टो.

वहिनी वॉर्डात. सकाळी फळा वाचणाऱ्यांपैकी एक काका भेटायला आले, बाबांना म्हणाले, "सर, नऊ म्हणजे जागतिक टपाल दिन. लिहिला नाही तुम्ही."

वहिनी: "म्हणूनच पार्सल आधी आलं."

सगळे हसले. बाबा नाही. फळा नऊपासून कोरा आहे. काका गेल्यावर मला म्हणाले, "तारखेपायी मी दोघींलेही घालवून बसलो असतो."

 मलाही तसंच वाटत होतं.

१४ ऑक्टो.

बाबा दीक्षाभूमीला गेले नाहीत. असं कधी झालेलं नाही. दादा गेला. बाबा दिवसभर बाळाजवळ; तिला थोडी कावीळ आहे, निळ्या दिव्याखाली ठेवलंय. डोळ्यांवर पट्टी. बाबा काचेला हात लावून उभे. नर्स म्हणाली, "आजोबा, बसा ना." बसले नाहीत.

१६ ऑक्टो.

सगळे घरी. कावीळ उतरली. वहिनीचं बीपी गोळीवर ठीक.

तिच्या केसांना तेल लावत होते. म्हणाली, "बाबा जेवत काहून नाहीत?"

सांगितलं. ती मान वळवून बघायला लागली.

"त्याईले वाटते त्याईच्यापायी मी गप्प बसली?"

"नाही?"

"नाही वं. मलेच पाहिजे होती चौदा. माही आजी कन्हानहून पायी गेली होती त्या दिवशी, पोटुशी होती. तिचं नाव कोणत्या फळ्यावर येणार हाय? म्हटलं, माह्या लेकराच्या तारखेत तरी राहीन."

मी तेलाची वाटी खाली ठेवली. म्हटलं, बाबांना सांग.

"मले लाज वाटते. तू सांग. नाही तं राहू दे."

नऊपासून मी बाबांशी कामापुरतंच बोलते आहे.

१८ ऑक्टो.

वहिनीची गोळी अर्ध्यावर. आणखी काही आठवडे लक्ष ठेवायचंय, पण मॅडमचा आवाज आता नेहमीसारखा. रात्री मी सलग झोपले.

सकाळी बाबा गॅलरीत बाळाला कोवळं ऊन देत बसले होते. मी शेजारी बसले. वाक्य तयार होतं. तोंडातून दुसरंच निघालं.

"बाबा, आजच्या तारखेला काय झालं होतं?"

"मले काय विचारते. मोबाईलमध्ये पाह्य."

"त्यात बरंच चुकीचं असतं."

हे खरंही आहे.

 मग मी म्हटलं, "आणि वहिनीला तुमच्याशी बोलायचंय. चौदाबद्दल. रागावली नाहीये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाळाकडे. मग बाळ माझ्या मांडीवर दिलं, गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले.

अजून आतच आहेत. आधी वहिनीचा आवाज, आता बाबांचा. शब्द कळत नाहीत. बाळ झोपलंय. ऊन माझ्या पायांवर आलं, मी सरकले नाही.