हौशीचं बाथरूम

५ फेब्रुवारी

आलीच फाइल माझ्या टेबलावर! बाथरूममध्ये फेरफार केलाय, तपासून मंजुरी द्यावी. पत्ता वाचला आणि हातातला चहा तसाच गार झाला. माझ्या बायकोचं घर. म्हणजे होती बायको. आता या अर्जदाराची. अर्जात त्यानं ऐटीत लिहिलंय — ‘सर्व काम अर्जदाराने स्वतः केले आहे.’ स्वतः! माणूस विम्याच्या ऑफिसात खुर्ची उबवतो. मी त्याचं नाव हौशी ठेवलंय.

साहेब म्हणाले, “दुसऱ्या कोणाला पाठवू का?” म्हटलं, कशाला? काम ते काम.

७ फेब्रुवारी

उद्या तपासणी. शर्ट इस्त्रीला टाकला. बाथरूम तपासायला कोण इस्त्री करून जातं!

८ फेब्रुवारी

जाऊन आलो. फरशीवर खिशातली काचेची गोटी सोडली, ही माझी जुनी पद्धत. ढाळ चुकला असेल तर गोटी कोपऱ्यात जाऊन बसते. ही सरळ जाळीवर! टाइल्सवर नाण्यानं टकटक केलं, एकही पोकळ नाही. वॉटरप्रूफिंग करून पाणी तुंबवून ठेवलं होतं म्हणे, खालच्यांच्या छताला ओल नाही. मेल्यानं सांधेसुद्धा एका रेषेत आणलेत. आमच्या घरात माझ्या हातून साधा नळ बदलला गेला नाही. ती तेव्हा म्हणायची, “जगाची बाथरूमं तपासतोस, आपलं बघ जरा.” अंगाचा नुसता तिळपापड.

आणि सापडली खोट — खिडकी! काचेच्या पट्ट्या काढून हौशीनं तिथं अख्खी रंगीत काच ठोकलीय, आणि बाजूच्याच भिंतीवर गॅसचा गीझर. हवेला वाटच नाही. म्हटलं, “हे चालणार नाही.” म्हणताना किती गोड वाटलं!

ती दारातच उभी. “खोट काढल्याशिवाय तुला चैन पडणार नव्हतं ना?” तो आपला म्हणत होता, “अगं, ऐकू तर दे, काय बदलायचंय ते.” पण मला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच. मी जळतोय असं वाटायला नको! मग मोठेपणा केला — “एक्झॉस्ट फॅन बसवून घ्या.” आणि सही ठोकली. फॅन बसायच्या आधीच.

११ फेब्रुवारी

पोरगी आईकडून आली, माझ्याकडे यायचा ठरलेला वार नसताना! “बाबा, आंघोळ इथेच करते. तिकडे केली की डोकं दुखतं.” माझ्या या कळकट बाथरूममध्ये, बादली-मगानं! आतून गाणं चाललं होतं. घ्या हौशीराव, घाला त्या टाइल्स चुलीत!

१३ फेब्रुवारी

आजही आली. जिंकलो.

१५ फेब्रुवारी



ऑफिसात एक आजोबा गीझरचं विचारायला आले. मी नेहमीची टकळी लावली — गॅसचा गीझर बंद बाथरूममध्ये नको, विषारी वायू साठतो, वास येत नाही, आधी डोकं दुखतं, मग चक्कर, मग माणूस उठतच नाही — आणि माझं मलाच ऐकू आलं. डोकं दुखतं! हेच पोरीच्या तोंडून ऐकून मी खुशीत होतो!

फोन लावला. “गीझर बंद करा, आत्ताच्या आत्ता!” ती म्हणाली, “आता काय नवीन काढलंस?” स्कूटर दामटत गेलो. दार हौशीनं उघडलं. फॅन अजून खोक्यातच. तिनंच त्याला सांगितलं होतं, याचं नेहमीचंच आहे, सावकाश बसव.

मी धापा टाकत बोललो, “मी तुमच्यावर जळतो. जळतोच. त्या दिवशीची सहीसुद्धा जळूनच केली. पण तो गीझर काढा.”

तो आत गेला, पाना घेऊन आला. दोघांनी मिळून गीझर उतरवला. ती पोरीला जवळ ओढून बसली होती, माझ्याकडे बघत नव्हती. निघताना तो म्हणाला, “चूक माझी.” म्हटलं, सही माझी.

१६ फेब्रुवारी

साहेबांना सगळं सांगितलं. मंजुरी रद्द. माझी चौकशी लागणार. लागू दे.

१९ फेब्रुवारी

गीझर बाल्कनीत गेला, खिडकीला परत पट्ट्या आल्या. आमच्यातल्याच दुसऱ्यानं तपासून पास केलं. म्हणजे आता पोरीचं डोकं दुखणार नाही. छान झालं. खरंच छान झालं.

आणि ती मधल्या वारी इकडे यायची नाही. हे मनात यावं! किती हलकट आहे मी.

२१ फेब्रुवारी

आली! केस ओले — तिकडूनच आंघोळ करून. तोंडातून गेलंच, “मग आज कशाला आलीस?”

“काहीही काय रे बाबा! मी काय आंघोळीला येत होते?”